वरच्या ओल्शिंकेची सात घरं

ओल्शिंकेच्या गावबखरीत वर्षभराच्या नोंदी करायचं काम माझ्याकडे आहे. शाळा बंद पडली, नवरा गेला, मुलगा ब्र्नो शहरात राहतो आणि रविवारी फोन करतो. मला बखर तेवढी उरली. त्या हिवाळ्यात मी वर्षाचा मजकूर अर्ध्या पानात संपवला. तीन मृत्यू, जन्म एकही नाही, वादळात चर्चमागचं लिंडनचं झाड पडलं. पुढे काही सुचेना.

मार्चमध्ये सरपंच हिनेक दारात ट्रॅक्टर उभा करून आत आला. त्याला पाढे मीच शिकवले होते.

"बाई, तळ्याकाठी फलक लावायचाय. गावाचा इतिहास आणि भूगोल. एका पानात बसवा."

"सहाशे वर्षं एका पानात?"

"सायकलवाले थांबतात, पाणी पितात, जातात. जास्त कोण वाचतंय? पण काळजाला भिडेल असं काहीतरी टाका हं. नाहीतर तुमच्या तासासारखं होईल, सगळे पेंगतील."

भूगोल दोन दिवसांत झाला. आमच्या टेकडीच्या माथ्यावरून पाणी दोन वाटांनी जातं, अलीकडचं उत्तरेच्या समुद्राला आणि पलीकडचं काळ्या समुद्राला. इतिहास मात्र अडला. जुन्या नकाशात टेकडीच्या कुशीत 'वरची ओल्शिंका' म्हणून सात घरं दिसत होती. तिथे आता नुसतं रान आहे. सरकारनं शेतं एकत्र केली तेव्हा माणसांना खाली आणलं, घरं पाडली आणि विटा सामुदायिक गोठ्याला लावल्या. तिथे जन्मलेला एकच माणूस उरला होता. अलोइस कुबासेक, वय अठ्ठ्याऐंशी, गावाच्या शेवटच्या घरात एकटा. कुणाशी फारसं बोलत नसे.

मी खसखशीचे गोड पाव घेऊन गेले.

"काय विकायला आलात, बाई?"

"काही नाही, कुबासेककाका. वरची घरं कुठे होती ते विचारायचंय."

"चाळीस वर्षं इथे राहताय आणि आज विचारताय?" असं म्हणत त्याने पाव मात्र घेतले. "गुरुवारी या. बूट चांगले घाला."

त्या गुरुवारी आम्ही वर गेलो आणि मग दर गुरुवारी जायला लागलो. तो काठीने दाखवायचा. "अंगाला खाज आणणारी ही खाजरीची झुडपं दाट दिसली की समजायचं, तिथे माणसं राहिलीत. हे लायलॅकचं फुलझाड म्हणजे श्टेपानेकांचं अंगण. म्हातारी इतकी चिक्कू, की कोंबडीलासुद्धा दाणे मोजून टाकायची." उतरल्यावर त्याच्या स्वयंपाकघरात कॉफी व्हायची. नवरा गेल्यापासूनच्या सहा वर्षांत मी कुणाच्या घरी इतका वेळ बसले नव्हते. बुधवारी रात्रीच मी बूट पुसून ठेवायची.

चौथ्या घरापाशी तो मे महिन्यात थांबला. ते त्याचं स्वतःचं. जमिनीत विहिरीचं दगडी कडं दिसत होतं, मातीने बुजलेलं.

"आनेश्का इथे गेली. माझी बहीण. पाच वर्षांची," तो म्हणाला. "त्रेचाळीस साल. आई म्हणाली होती, झाकण लाव आणि हिच्याकडे बघ. मी शेजारच्यांचे ससे बघायला गेलो."

उतरताना त्याने पहिल्यांदाच माझा हात धरला.

हे लिहू नका, असं तो म्हणाला नव्हता. पुढे मी स्वतःला हेच सांगत राहिले.

फलकाचा मजकूर पाठवायच्या आदल्या दिवशी मला हिनेकचं 'काळजाला भिडेल' आठवलं. मी सात घरांची यादी लिहिली आणि खाली दोन ओळी घातल्या : 'चौथ्या घराच्या विहिरीत १९४३ साली पाच वर्षांची आनेश्का बुडाली. तिचा भाऊ आजही गावात राहतो.' वाचून माझेच डोळे भरून आले. चांगलं लिहिलंय असं वाटलं.

ऑगस्टमध्ये उद्घाटन झालं. बँड होता, बिअर होती. बायका माझे हात हातात घेऊन म्हणत होत्या, "बाई, रडवलंत हो." इतकी माणसं माझ्याशी एकाच दिवशी कधी बोलली नव्हती. कुबासेक काळा कोट घालून आला. भिंग काढून त्याने फलक वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे वळला.

"मी तुम्हाला सांगितलं होतं. फलकाला नाही."

एवढंच बोलून तो निघून गेला.

पुढच्या गुरुवारी त्याने दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी हिनेकला म्हटलं, फलक बदल. तो म्हणाला, "बाई, वेड लागलं का? लोकांना तेवढंच आवडलंय." मग मी कुंपणाचा हिरवा रंग घेतला, भर दुपारी तळ्यावर गेले आणि त्या दोन ओळी रंगाने झाकून टाकल्या. गावात बोभाटा झाला. मी कुबासेकच्या दाराशी उभी राहून ओरडले, "काका, पुसलं मी!"

आतून आवाज आला, "आता न वाचलेलेही विचारतील, खाली काय होतं म्हणून."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्याच्या धुराड्यातून धूर दिसला नाही. गेले तर तो जिन्याखाली पडलेला, मांडीचं हाड मोडलेलं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी शेजारी बसून राहिले, माझा कोट त्याच्यावर घालून. तो फक्त म्हणाला, "कोंबड्यांना दाणे टाका."

त्याला तालुक्याच्या वृद्धाश्रमात ठेवलं. मी गुरुवारी बसने जायची. तो खिडकीबाहेर बघायचा. कोंबड्या किती अंडी देतात विचारायचा, मी सांगायची. एकदा मी म्हटलं, "काका, मला माफ करा." त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. पुन्हा त्याने मला कधी काही सांगितलं नाही.

तो जून महिन्यात गेला. मातीला आम्ही सहा जण होतो. संध्याकाळी मी बखर उघडली. बऱ्याच वेळाने लिहिलं : 'अलोइस कुबासेक, जन्म वरची ओल्शिंका, घर क्रमांक चार.' खाली पानभर जागा होती. मी ती तशीच ठेवली आणि त्याच्या कोंबड्या कोंडायला गेले.