हिरव्या पट्टीतला श्वास

डाव्या छातीतली गाठ काढून झाली, केमो संपली, टकलावर किवीसारखी लव आली. राहिलं फक्त रेडिएशन. त्यात माझं काम एकच. मोठा श्वास घ्यायचा आणि तो धरून निपचित पडायचं. छाती फुगली की हृदय मागे सरकतं, किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. समोरच्या पडद्यावर श्वासाची रेघ वर चढते. ती हिरव्या पट्टीत पोचली की तिथेच रोखायची.

पहिल्या दिवशी, किरणांच्या आखणीसाठीच्या स्कॅनमध्ये, जमलं नाही. पट्टीत पोचले की वाटायचं, आता मेलेच. फुस्स.

"ताई, टायर सारखा पंक्चर होतोय," टेक्निशियन करिष्मा काचेपलीकडून माइकवर म्हणाली.

डॉक्टरांनी पुढच्या सोमवारी आणखी एक संधी दिली. नाहीच जमलं तर श्वास न धरता किरणं द्यायची, आणि त्यातली थोडी हृदयाला लागणार.

घरी सासूबाईंनी माझा ताबा घेतला. सोजरबाई म्हणजे रहाटणीच्या विहारात पांढरी साडी नेसून ध्यानाला बसणाऱ्या बायकांच्या पुढारी.

"डोळं मिट. नाकापाशी ध्यान ठेव. आला, गेला. एवढंच."

"आई, मला तो धरायचाय."

"धरायचा न्हाई, बघायचा. भाडेकरू हाय व्हय, डिपॉझिट घेऊन ठेवायला?"

सनी, माझा नवरा, निघोज्याच्या कंपनीत क्वालिटीला आहे. त्याने पिवळी टेप लावून हॉलमध्ये चौकोन आखला. "हा तुझा मेडिटेशन झोन. इथे दुसरी कुठलीच वस्तू ठेवायची नाही." थोड्याच वेळात आमच्या लेकीने, मैत्रीने, त्यात तिची सायकल, एक चप्पल आणि चावलेली पोळी आणून ठेवली. त्या पार्किंगमध्ये मी मांडी घालून बसायचे. आला, गेला. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या? आला. मी गेले तर हिची वेणी कोण घालणार? सनीने घातलेली पहिल्याच तपासणीत रिजेक्ट होईल. गेला.

"काय दिसलं?" सासूबाई विचारायच्या.

"भीती."

"मग तिला बी बघ. बसू दे बसली तर. चहा इचारू नको."

हे मात्र मला जमायला लागलं. भीती यायची, बसायची, कंटाळून जायची. पण मी इतकं मन लावून शिकले की भलताच घोटाळा झाला. रविवारी सनी सराव घ्यायला बसला. "धर," तो म्हणाला. मी शहाण्या मुलीसारखं नुसतं बघितलं. आला. गेला.

"आई, तू हिचे ब्रेकच काढून टाकलेस," सनी म्हणाला.

"श्वास कोंडायला लावत्यात व्हय माणसाला? आमच्या शिबिरात असलं कायबी न्हाई."

"तिथे किरणं पण देत नाहीत ना."

दोघांना भांडत सोडून मी मैत्रीला निजवायला गेले. माझ्या उजव्या हातावर डोकं ठेवून ती झोपली. सवयीने माझं लक्ष नाकाशी गेलं. आला, गेला. मग तिच्या मानेखालचा हात काढायला घेतला, आणि बघते तर आलेला श्वास गेलाच नाही. छातीभर तसाच थांबलेला. कोणी सांगितलं नव्हतं, भीतीचा पत्ता नव्हता. मनगट सुटलं, तिने ओठ चोखले, मी थांबले, पुन्हा सरकले. हात मोकळा झाला तेव्हा श्वास गेला. ती जन्मल्यापासून मी रोज हेच करत होते. कधी बघितलं नव्हतं.

बाहेर येऊन सांगितलं. सासूबाईंनी बराच विचार केला.

"मंग तू धरला न्हाईस. त्यो आपला आपण थांबला. चालतंय."

सोमवारी स्कॅनचं टेबल बर्फासारखं गार होतं. दोन्ही हात डोक्यावर, तसूभर हलवायचे नाहीत.

"ताई, घ्या श्वास."

रेघ वर चढली. भीती आलीच. आली, कोपऱ्यात बसली. मी मनातल्या मनात उजवा हात काढायला घेतला. मानेचा घाम. अडकलेली बट. अर्धवट उघडलेली एक पापणी. थांबले. पापणी मिटली. पुन्हा सरकले, केसभर. समोरची रेघ हिरव्या पट्टीत गाढ पडून होती.

"झालं, ताई. हृदय मस्त लांब गेलंय," करिष्माचा आवाज खोलीभर घुमला. "सोडा श्वास."

मी सोडला नाही.

"ताई, ऐकताय ना? सोडा आता."

"शूऽऽ," मी तिला म्हणाले, आणि तो सुटला.