घड्याळाची तारीफ करायची नाही

आमच्या घरी आलात तर पोटभर जेवा, कॉफी प्या, हलवा खा, पण आमच्या ह्यांच्या कुठल्याही वस्तूला चांगलं म्हणू नका. म्हणालात की ती तुमची झालीच म्हणून समजा. रीत सगळ्यांचीच आहे, पण लोक ती तोंडदेखली पाळतात. पाहुणा म्हणतो, "वा, काय सुंदर!" घरधनी म्हणतो, "तुमचंच झालं." पाहुणा म्हणतो, "स्वीकारलं, आणि तुम्हालाच परत." संपला विषय, वस्तू जागच्या जागी. आमचे हे, अबू याकूब, मात्र "तुमचंच झालं" म्हणता म्हणता वस्तू पाहुण्याच्या गाडीत नेऊन ठेवतात. दुभती शेळी गेली, अत्तरदाणी गेली, माझ्या आईनं दिलेला गालिचा गेला. एकदा कुणीतरी आमच्या दाराचं कौतुक करायला लागलं तेव्हा मी आतून ओरडले होते, "दार नाही हो, दार नाही!"

याच खोडीपायी आजेसासऱ्यांचा खंजीर गेला, जो आमच्याकडे लग्नात नवरदेवाच्या कमरेला लागतोच. तेव्हा आमचा लेक याकूब, ज्याच्यावरून लोक ह्यांना अबू याकूब आणि मला उम्म याकूब म्हणतात, जन्मालाही यायचा होता. निझवा शहराजवळ धरणाचं काम चाललं होतं आणि जवाद नावाचे एक बहरीनचे इंजिनिअर आमच्याकडे जेवायला आले. माणूस गोड. जेवण झालं, हात धुतले आणि त्यांची नजर ह्यांच्या कमरेवर गेली. "असं चांदीचं काम मी जन्मात पाहिलं नाही," ते म्हणाले. मी पडद्याआड डोळे मिटले. उघडले तोवर ह्यांनी पट्टा सोडून खंजीर त्यांच्या मांडीवर ठेवला होता. जवादना वाटलं, नाही म्हटलं तर अपमान होईल. बिचारे घामाघूम झाले, आणि मग त्यांनी स्वतःच्या मनगटातलं घड्याळ काढून ह्यांच्या हाताला बांधलं. पुढं धरण झालं, ते परत गेले, काही वर्षांनी वारल्याची खबर आली. खंजीर तिकडेच राहिला, घड्याळ इकडे.

ते घड्याळ नकली आहे हा शोध लावला माझ्या पाठच्या भावानं, हारिथनं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरा धंदा काय त्याला! घड्याळाचं नाव मोठं, स्वित्झर्लंडचं, पण तबकडी काळ्याची हळूहळू दालचिनीच्या रंगाची झाली होती. "खऱ्या घड्याळाचं तोंड असं करपतं का कधी?" तो प्रत्येक ईदला विचारायचा. "माझ्या मेहुण्यानं उंट देऊन शेळी आणली. शेळीही नाही, शेळीचं चित्र!" सगळे हसायचे, अबू याकूब सगळ्यांच्या आधी हसायचे. भांडायचे ती मी. मनातून मात्र मलाही धाकधूक होतीच. आजेसासऱ्यांचा खंजीर पत्र्याच्या तुकड्यावर गेला असेल तर?

यंदा याकूबचं लग्न ठरलं, आणि त्याच सुमारास घड्याळ बंद पडलं. मुलीचे वडील कॉफीला आले होते. अबू याकूब सहज म्हणाले, "घड्याळ दुरुस्त करतो आणि लग्नात पोराच्या हातावर बांधतो." झालं, हारिथला कुरण मिळालं.

"शाब्बास!" तो म्हणाला. "कमरेला उसना खंजीर, मनगटाला पत्रा. नवरदेव मोठा शोभेल!"

मुलीचे वडील आपल्या पेल्यात बघत राहिले. याकूबचे कान लाल झाले. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि तिनं आधी हारिथला गिळावं, मग मला.

पाहुणे गेले आणि मी ह्यांच्या मानगुटीवर बसले. "मस्कतला कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे. उद्या जायचं. असली की नकली, एकदा लागू दे निकाल!"

"पाहुण्याची भेट तोलायची नसते, झुवैना," ते म्हणाले. अख्ख्या संसारात आवाज चढवला नाही या माणसानं, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडताना दम लागतो.

"तोलत कुठं आहे? दुरुस्त करायला नेतेय."

दुरुस्तीला ते तयार झाले. आत न बघता दुरुस्ती होत नसते, हे मी बोलले नाही.

सेंटरमध्ये उस्ताद हागोप भेटले. बैरूतचे आर्मेनियन, तीन पिढ्यांचे घड्याळवाले, मस्कतमध्ये केस पांढरे झालेले. त्यांनी आधीच सांगितलं, "नियम असा आहे. उघडून पाहणार. आतलं सगळं कंपनीचं असेल तर काम करू. नकली निघालं तर स्क्रूसुद्धा आवळणार नाही, झाकण लावून परत." अबू याकूबांनी मान हलवली, पण घड्याळ काढून देताना त्यांचा अंगठा क्षणभर काचेवर रेंगाळला.

ते गाडी सावलीत लावायला गेले तशी मी हागोपना गाठलं. "उस्ताद, एक विनंती. आत कितीही चांगलं निघालं तरी ह्यांच्यासमोर तारीफ करायची नाही. तोंडातून नुसतं 'वा' निघालं तरी घड्याळ तुमच्या गळ्यात पडेल, आणि मी माझ्या लेकाच्या हातावर काय बांधू?"

हागोप खो खो हसले. "उम्म याकूब, मी एकदा एका साहेबांच्या उंटाला चांगलं म्हणालो होतो. आठवडाभर तो माझ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये होता. निश्चिंत राहा, तोंड शिवून घेतो."

मग ते काचेपलीकडे बसले, डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण उघडलं. आतलं सगळं वरच्या पडद्यावर मोठं होऊन दिसत होतं. मी पाहतच राहिले. इवली इवली चाकं, एकमेकांत दात गुंतवून बसलेली. कडा अशा घासलेल्या की उजेड त्यांच्यावर ठरत नव्हता. एका पट्टीवर वाळूवरच्या लाटांसारख्या रेघा, सगळ्या एका अंगाच्या. अगंबाई, झाकणाखाली, जिथं वर्षानुवर्षं कुणी डोकावणार नाही, तिथं एवढी मेहनत कुणी केली असेल? आणि उस्तादांचा हात तरी काय! माझी आई पायातला काटा काढायची, तो कळायच्या आत निघालेला असायचा. तसाच हात. चिमट्यानं एकेक भाग उचलायचे, उजेडात फिरवायचे, दुलईत ठेवावं तसं खाली ठेवायचे. काम असावं तर असं.

चेहरा मात्र दगडाचा. भुवई हलेना. एकदा त्यांनी तबकडीवर भिंग धरलं आणि बराच वेळ श्वासच घेतला नाही, मग खोकले, पुन्हा दगड. मी मनात म्हटलं, वा उस्ताद, शब्दाचे पक्के आहात.

बाहेर आले. आमच्यासमोर उभे राहिले. अबू याकूब उठून उभे राहिले.

"पाहिलं," हागोप म्हणाले. माझ्याकडे एक नजर टाकली. "घड्याळ... घड्याळ आहे."

"म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"म्हणजे... आहे. काटे आहेत. सगळं आहे." घाम पुसला त्यांनी.

अबू याकूब हळूच खाली बसले. "झुवैना, जरा पाणी आणतेस?"

पाण्याचं यंत्र खांबामागं होतं. मी पेला भरत होते आणि ह्यांचा आवाज कानावर आला. हळू बोलत होते, पण इतक्या वर्षांत त्यांचं कुजबुजणंही मला ऐकू येतं.

"उस्ताद, तोंडावरूनच कळलं मला. नकली आहे. हरकत नाही. फक्त हिला सांगू नका. एवढी वर्षं सख्ख्या भावाशी भांडतेय ती माझ्यासाठी. या वयात तिला खाली मान घालायला लावू नका. आज नुसतं झाकण लावून द्या, मी बाजारात कुणाकडून तरी चालू करून घेईन."

हागोप काहीतरी बोलायला गेले. ह्यांनी थांबवलं. "आणि ज्यांनी दिलं त्यांच्याबद्दल वाईट आणू नका हं मनात. त्यांनाही कुणीतरी फसवलं असेल. त्यांनी मनगटावरचं काढून दिलं, अजून काय द्यायचं माणसानं? आणि मी खंजीर बदल्यात थोडाच दिला होता? त्यांना आवडला, दिला."

पेला भरून पाणी माझ्या चपलांवर सांडत होतं. या माणसाला मी आयुष्यभर भोळसट म्हणत आले. खुळा म्हटलं, घरबुडवा म्हटलं. आणि हा माणूस, आपण फसलो असं वाटत असताना, आधी माझी मान सांभाळत होता, मग मेलेल्या मित्राचं नाव. मला इतका अभिमान वाटला आणि स्वतःचा इतका राग आला की मी तिथूनच ओरडले, "बोला हो उस्ताद! मोडा माझा शब्द! काय बोलायचं ते सगळं बोला!"

आणि हागोपांचा बांध फुटला. "असली आहे हो! एकेक चाक असली! माझ्या वडिलांनी असं एक पाहिलं होतं, मी आज पाहिलं! ही तबकडी करपलेली नाही, पिकलेली आहे. फार थोड्यांचा रंग असा बदलतो, लोक हा रंग शोधत देश पालथे घालतात! कुणी घासूनपुसून नवी करू म्हणालं तर त्याचा हात धरा. मी फक्त आतून धुणार, तेल देणार, बाहेरचा एक ओरखडाही पुसणार नाही. माशाल्ला, काय घड्याळ आहे!"

अबू याकूब उठले. चेहरा उजळला होता. छातीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचंच झालं, उस्ताद."

मी कपाळावर हात मारला.

"स्वीकारलं आणि तुम्हालाच परत!" हागोप एका दमात म्हणाले, आणि आम्ही तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

ईद झाल्यावर घड्याळ घ्यायला गेलो. कानाला लावलं तर असं एकसारखं बोलत होतं की खाली ठेववेना. हागोपनी असली असल्याचा कागद पुढं केला. अबू याकूबांनी तो अदबीनं परत केला. "भेटीला साक्षीदार कशाला? आणि झुवैना, हारिथलाही सांगायचं नाही."

"काय? मग मी आले कशाला एवढ्या लांब?"

"घड्याळ दुरुस्त करायला," ते म्हणाले. माझेच शब्द, काय करणार? गप्प बसले. माझ्यासारखीनं गप्प बसणं म्हणजे काय ते माझं मलाच ठाऊक.

लग्नाच्या दिवशी, वरात निघायच्या आधी, सगळे आमच्या अंगणात जमले होते. याकूबच्या कमरेला शेजाऱ्यांचा खंजीर, मनगटावर ते घड्याळ. हारिथ त्याला अत्तर लावायला पुढं झाला. हात हातात घेतला आणि तसाच थांबला. उन्हात ती दालचिनी तबकडी अशी झळकत होती, सेकंदाचा काटा असा अलगद सरकत होता, की त्याच्या जिभेचा नेहमीचा रस्ताच चुकला.

"माशाल्ला," तो म्हणाला. "सुंदर दिसतंय रे."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं.  आणि माझा लेक, बापावर गेलेला माझा लेक, घड्याळाचा पट्टा सोडायला लागला.

"तुमचंच झालं, मामा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. बक्षीस मिळाल्यासारखे हसत होते. हारिथच्या तळहातावर घड्याळ होतं.

"स्वीकारलं," तो म्हणाला. 

"आणि?" मी म्हणाले. "हारिथ, आणि?"

त्यानं घड्याळ स्वतःच्या मनगटाला बांधलं.  मग त्यानं दोन्ही हात कमरेकडे नेले आणि आमच्या वडिलांचा खंजीर सोडला, जो त्यानं आजवर कुणाला नीट हातातही घेऊ दिला नव्हता. शेजाऱ्यांचा काढला आणि वडिलांचा याकूबच्या कमरेला आवळून बांधला. 

"पोराची कमर उसनी नको," तो म्हणाला आणि आमच्याकडे आदरानं भेटतात तसं अबू याकूबांच्या नाकाला नाक लावून कितीतरी वेळ उभा राहिला.

वरात निघाली. बायका मागं राहिल्या, हारिथही मागं रेंगाळला. माझ्या कानाशी आला. "झुवैना, मस्कतला नेलं होतंस ना हे? खरं सांग. असली आहे ना गं?"

उत्तर अगदी ओठांवर होतं. किती वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होते! फाटकापाशी अबू याकूब मागं वळून माझ्याचकडे बघत होते.

"भेट तोलायची नसते, हारिथ," मी म्हणाले आणि हलव्याचं ताट उचलून आत गेले.