उत्तरेश्वरने वाजवलं की नाही

सरपंचपदाला उभ्या राहिलेल्या मोहनरावांनी ढोलवाल्या उत्तरेश्वरला खंडोबापुढे बेलभंडारा उचलायला लावला. शपथ सोपी होती: प्रचाराचं गाणं आपलंच वाजवायचं, समोरच्या राजनंदिनीताईंचं नाही. बदल्यात, निवडून आल्यावर पाण्याच्या टाकीवर व्हॉल्व्ह सोडायची नोकरी. आमच्या गावाला पाणी आठ दिवसांनी येतं, म्हणजे काम हलकं. बँजो पार्टीत वीस वर्षं ढोल गळ्यात अडकवून चाललेल्या गुडघ्यांना तेवढंच झेपणार होतं.

रेकॉर्डिंग उमापूरला, गुफरानच्या स्टुडिओत झालं. शेजारी त्याचा भाऊ चाँद वेल्डिंग करतो. खरा ढोल माइकपुढे ठेवला की गाण्यात चाँदचा ग्राइंडरही यायचा. म्हणून गुफरानने इलेक्ट्रॉनिक ड्रम घेतला होता. रबरी थाळ्या, त्यांच्या तारा कॉम्प्युटरला, आवाज फक्त हेडफोनमध्ये. उत्तरेश्वर घामाघूम होईपर्यंत बडवत होता आणि खोलीत नुसतं थप थप ऐकू येत होतं.

आठवड्याने राजनंदिनीताईंचं गाणं आलं. त्यात कडक हलगी होती, आणि प्रत्येक धृपदाआधी एक टोला जादा होता. हा जादा टोला तालुक्यात एकाच माणसाचा. गावाने गाणाऱ्याआधी त्याला ओळखलं.

दुसऱ्या दिवशी खंडोबाच्या मंडपात बैठक भरली. गुफरान मोटारसायकलला ड्रम बांधून हजर झाला.

"अण्णा, यांचा कसूर न्हाई," तो मोहनरावांना म्हणाला. "याच्यात आवाज भरतच न्हाई. कुठं मारलं, किती जोरात मारलं, तेवढंच भरतं. आवाज मी मागून लावतो. ताईंची लई घाई होती. तुमचेच टोले घेतले, वर हलगीचा आवाज लावला."

"मंग हलगी वाजवली कुणी?"

"कुणीच न्हाई."

मंडपात एकच गलका झाला. शेवटी पुजारी धोंडीराम म्हणाले, "देवाला ऐकू दे की. वाजव इथंच."

वीज गेलेली होतीच. उत्तरेश्वरने तशाच ड्रमवर अख्खं गाणं वाजवलं.

"साखराबाई गोधडी झटकायली का काय?" गर्दीतल्या सटवाने विचारलं. साखराबाई म्हणजे उत्तरेश्वरची बायको. ती मागेच बसली होती. तिने सटवाकडे असं बघितलं, की तो सरकून खांबामागे गेला.

धोंडीरामांनी निकाल दिला, "याला वाजवणं म्हणत न्हाईत. शपथ मोडली न्हाई."

उत्तरेश्वरने देवाला हात जोडले. मोहनराव मात्र विचारात पडले. पंचवीस वर्षं राजकारणात असल्याने त्यांना पुढचं दिसतं.

"म्हंजे यानं माझ्या गाण्यातबी वाजवलं न्हाई," ते म्हणाले.

"अण्णा, घाम गाळलाय मी!"

"गुफरान, घाम आलाय का बे गाण्यात?"

गुफरान प्रामाणिक माणूस. "न्हाई अण्णा," तो म्हणाला.

"मंग नोकरी कावून द्यायची?"

मागून साखराबाई म्हणाली, "गप ऱ्हावा हो. शपथ तरी मोडली न्हाई." उत्तरेश्वरने रबरी थाळीवरून एकदा हात फिरवला. मग उठला.

"वाजवलं, अण्णा. तुमच्यातबी मीच आन् ताईच्यातबी मीच. त्यो जादा टोला दुसऱ्या कुणी मारून दाखवावा."

म्हणजे शपथ मोडली. तीही देवासमोर, स्वतःच्या तोंडाने. मोहनरावांचा चेहरा मोकळा झाला. नोकरी आता रीतसर नाकारता येत होती. ती पुढे त्यांचा भाचा आदिनाथ याला लागली. धोंडीरामांनी उत्तरेश्वरला पाच नारळांचा दंड केला आणि बैठक उठली.

गुफरान ड्रम परत बांधू लागला. उत्तरेश्वरने दोरीचं एक टोक धरलं.

"नाराज हाव का भाई?" गुफरानने विचारलं.

"व्हय. हलगी लावायची तर आदी सांगत जा. तिला मनगट हलकं लागतं. ढोलाच्या हातानं हलगी लई वंगाळ वाजली."

"परत घेऊ या का?"

"सकाळी येतो," उत्तरेश्वर म्हणाला आणि गाठ आवळली.