शाफ्टमधला खेळ

"खेळ नाहीये काही. घट्ट आहे," जीपखालून बाबा म्हणाले.

जीप दवाखान्याची, जुनी, चारही चाकं ओढणारी. गीअर टाकला की पोटातून ठक्क वाजायचं. ड्रायव्हर सोडून गेल्यापासून नर्सचं काम सांभाळून त्यांची मुलगीच ती चालवायची. उद्या तिला डोंगरावरच्या वस्तीतून दिवस भरलेल्या एका बाईला खाली आणायचं होतं. बाबांचं अख्खं आयुष्य गाड्यांखाली गेलं. निवृत्तीनंतर ही एवढी गाडी मात्र त्यांनी सोडली नव्हती.

ती उजेडाला बॅटरी घेऊन शेजारी आडवी झाली. बाबांनी मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट दोन्ही हातांनी पुन्हा पिळला. टोकाच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस चक्क डुगडुगला. कडेनं गंजाची भुकटी गळली.

"बघ, दगड आहे नुसता. ग्रीस मारलं की झालं."

"बाबा, हलला तो."

"मला शिकवतेस? हे हात डोळे मिटून सांगतात."

तिनं बॅटरी त्यांच्या हातावर वळवली. "रक्त येतंय तुमच्या बोटातून."

बाबांनी बोट उजेडात धरलं. बराच वेळ बघत राहिले.

साखरेनं त्यांचे पाय बधिर झालेत, हे तिला ठाऊक होतं. हातांचं त्यांनी कळू दिलं नव्हतं.

"सांगायचं नाही का मला?"

"दिवसभर लोकांची दुखणी ऐकून येतेस. घरी आणखी माझं कुठे?"

बोटावर पट्टी गुंडाळून तिनं पाना उचलला. "सांगत जा. मी काढते."

"आधी खडूनं खुणा कर, दोन्हीकडे. होता तसाच बसला पाहिजे, नाहीतर गाडी थरथरत राहील."

शाफ्ट खाली आला. नवा क्रॉस बसवताना त्याच्या टोकावरचा, आत बारीक सुया असलेला कप अडला, तशी तिनं हातोडीचा एक ठोका दिला.

"ठोकू नकोस! आवाज बद्द येतोय. आतली सुई आडवी झालीय."

तिनं कप काढला. खरंच, काडीएवढी बारीक सुई ग्रीसमध्ये आडवी पडली होती. सरळ करून तिनं पुन्हा बसवला. शाफ्ट चढवून, बोल्ट आवळून झाल्यावर बाबा म्हणाले, "पीळ आता. हलतोय?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली. स्वतः हात लावून पाहिला नाही.

बाहेर नळाशी ती साबण आणि तापवलेल्या पाण्याची बादली घेऊन आली. मळलेली पट्टी सोडून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तिनं तांब्या भरला.

"कसं आहे गं पाणी?" बाबांनी विचारलं.

तिनं आपली बोटं बुडवून पाहिली.

"कोमट आहे," ती म्हणाली, आणि मग ओतलं.