कॉमर्सच्या वाट्याला आलेला सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, प्रयोगशाळेत शिरल्यावर उजव्या हाताच्या खिडकीशी, पाठ थोडी मागे रेलून जो उभा आहे ना, तो मी. मी एक जुना सूक्ष्मदर्शक. माझा काळा रंग कडांवरून उडाला आहे आणि आतले पितळ डोकावू लागले आहे. माझ्यात वीज नाही. पायाशी एक गोल आरसा आहे, तो खिडकीतला उजेड पकडून वर पाठवतो. बाकी काम भिंगांचे आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याचे.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका वयस्कर कारागिराने माझी भिंगे घासली. भिंग घासताना पाहिले आहे का तुम्ही कधी? काच इतकी हळू घासायची, की दिवसभरात काही झालेच नाही असे वाटावे. तो भिंग उजेडासमोर धरी, एक डोळा मिटून बघे आणि पुन्हा घासायला बसे. हा माणूस एवढे काय शोधतो आहे, असे मला वाटायचे. माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रश्न.

मग गवताने भरलेल्या खोक्यात बसून मी ट्रकने भिवंडीला आलो. इथे पोचल्यावर मला वाटले, की या गावाची जमीनच थरथरते. कॉलेजच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. ते चालू असले की टेबल थरथरते, टेबलाबरोबर मी, आणि माझ्या नळीतले चित्रही. प्रयोगशाळेचे मदतनीस महादूमामा यांनी गोणपाटाची घडी करून माझ्या पायाखाली घातली. थरथर कमी झाली, पण पुरती थांबली नाही. इथल्या मुलांनी कांद्याची साल पाहिली ती थरथरती आणि तलावाच्या पाण्यातले जीव पाहिले तेही थरथरते. एका मुलाने तर वहीत लिहिले होते, की पेशी सतत हलत असते. सर हसले आणि म्हणाले, "पेशी नाही रे, तुझ्या बापाचे माग हलतायत!"

ती वर्षे फार चांगली होती. विज्ञान शाखेची मुले माझ्यासमोर रांग लावत. चित्र स्पष्ट दिसले की तोंडातून "आयला!" निघे आणि सरांकडे बघून लगेच जीभ चावली जाई. ते "आयला" ऐकण्यासाठीच मी उभा असे.

पुढे नवे सूक्ष्मदर्शक आले. पांढरेशुभ्र, पोटात दिवा असलेले. बटण दाबले की झाले. मला फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले गेले. पावसाळे गेले तशी माझ्या एका भिंगावर बुरशीची बारीक जाळी चढली. गंमत पाहा, बुरशी दाखवणाऱ्यालाच बुरशी आली. ती कशी दिसत असेल हे बघण्याची मला फार इच्छा होती, पण स्वतःचे भिंग स्वतःला कसे बघता येणार?

मित्रांनो, मी बाहेर आलो तो एका नियमामुळे. आता पदवी हवी असेल तर नुसते आपल्या शाखेचे विषय पुरत नाहीत. कॉमर्सच्या मुलाने हिशेब शिकायचाच, पण त्याबरोबर दुसऱ्या शाखेचा एखादा विषयही घ्यायचा. त्याला मुले 'ओपन इलेक्टिव्ह' म्हणतात. त्याचे क्रेडिट मिळाले नाही, तर बाकी सगळ्यात पास होऊनही पदवी अडून राहते. असा नियम का केला असेल? ज्याला आयुष्यभर दुकान सांभाळायचे आहे त्याने पेशी कशाला पाहायच्या? याचे उत्तर मलाही ठाऊक नव्हते.

तर आमच्याकडे 'धाग्यांचे आणि तंतूंचे विज्ञान' असा विषय सुरू झाला आणि कॉमर्सची दुसऱ्या वर्षाची मुले प्रयोगशाळेत आली. नवे सूक्ष्मदर्शक त्यांच्या हाती द्यायला कोणी तयार होईना. "कॉमर्सची पोरं हायेत, स्क्रू पिळून पिळून तोडतील," महादूमामा म्हणाले आणि त्यांनी मला कपाटातून काढले. बुरशी आलेले भिंग पुसून पुसून शक्य तेवढे साफ केले आणि मला खिडकीशी ठेवले. माझ्या वाट्याला दोघे जण आले. एक शेलार गावची रंजिता आणि दुसरा कुणाल, ज्याच्या घरचे चार माग आहेत.

विषय शिकवणारे केसरीनाथ सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मी तुम्हाला प्रश्न देणार नाही. प्रत्येकाने स्वतःचा एक प्रश्न आणायचा आणि त्याचं उत्तर इथे शोधून परीक्षेत दाखवायचं. क्रेडिट त्यालाच."

"सर, उत्तर आणतो की! प्रश्न तुम्ही द्या," कुणाल म्हणाला. सगळे हसले. रंजिता हसली नाही.

ती का हसली नाही, हे मला हळूहळू कळले. बाकावर बसून मुले जे बोलतात ते सगळे मला ऐकू येते. रंजिता सकाळी कॉलेज करून दुपारी गोदामात पॅकिंगच्या ड्युटीवर जायची. तिथला सुपरवायझर भावेश तिला पूर्ण दिवसाची ड्युटी द्यायला तयार होता.

"आई म्हणते, या विषयात केटी लागली तर कॉलेज बंद, सरळ कामावर जा," ती एकदा कुणालला म्हणाली. "आणि खरं सांगू? आईचं चूक पण नाय. या असल्या विषयात नापास होऊन काय परत परत फेऱ्या मारायच्या?"

"अरे छोड ना यार, पास होशील. काहीतरी प्रश्न ठोकून दे. धागा लांब का असतो, असं काहीतरी."

"तुझं डोकं छोटं का असतं, हा विचारू का?"

प्रश्न मात्र मिळत नव्हता. इतर मुलांचे विषय ठरत गेले. रंजिता यायची, माझ्यात डोळा घालून बसायची आणि उठून जायची. परीक्षा जवळ येत होती, उन्हाळा लागला होता. एका सकाळी ती आली तेव्हा तिच्या केसांत आणि ओढणीवर पांढरे मऊ तंतू अडकलेले होते.

"काय गो, गादी फोडलीस काय?" महादूमामांनी विचारले.

"नाय मामा, दारातल्या झाडाची सावर फुटलीय. आई उशा भरतेय. सगळ्या घरात सावरच सावर." तिने ओढणीवरचा पुंजका काढला आणि एकदम थांबली. "मामा, पण याचा धागा कसा नाय काढत कोण? आमचे बाबा मागावर, शेजारचे मागावर, सगळा गाव मागावर. कापूस बाहेरून येतो. आणि ही सावर फुकट उडून जाते."

महादूमामांनी खांदे उडवले. "आता ते मला काय माहीत! सावरीची उशीच करतात. कापड कोण करतो?"

"तेच तर विचारतेय. का नाय करत?"

मित्रांनो, तिला प्रश्न सापडला होता. पुढच्या वेळी ती देवाच्या वातीचा कापूसही घेऊन आली. कापसाचा आणि सावरीचा तंतू शेजारी शेजारी ठेवून बघायचा, असे तिने ठरवले होते.

इथे एक गंमत झाली. मागावरच्या घरात धागा तुटला की बोट जिभेला लावायचे आणि दोन टोके चिमटीत पिळून सांधायची. ही सवय रंजिताच्या बोटांत लहानपणापासून होती. तिने कापसाचा तंतू उचलला, तिच्याही नकळत बोट ओले झाले, चिमटीत पीळ बसला आणि मग तो काचपट्टीवर गेला. मी पाहिले आणि वर दाखवले. चपट्या फितीला पीळ घालावा तसा तो तंतू होता, गोल गोल वळत गेलेला.

"सर! कापसाला पीळ असतो!" ती ओरडली.

केसरीनाथ सरांनी वाकून पाहिले. "आहे खरा. पण पीळ कापसाचा आहे की तुझ्या बोटांचा?"

कुणाल फिस्सकन हसला. "स्वतःच पिळला आणि स्वतःच शोध लावला!"

रंजिताने आपल्या चिमटीकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला. पट्टी तशीच टाकून ती निघून गेली आणि पुढच्या दोन तासांना आलीच नाही. मला वाटले, गेली ही गोदामात. तिने टाकलेली ती पट्टी माझ्या मंचावर तशीच होती. तो पीळ कुणाचा, हे मलाही सांगता येत नव्हते. मी दाखवतो, मित्रांनो. ठरवायचे काम पाहणाऱ्याचे.

पण ती आली. आली ती थेट परीक्षेच्या दिवशी, हातात एक डबी घेऊन.

"मला वाटलं भावेशने तुला खोक्यात पॅक करून पाठवली," कुणाल म्हणाला, पण त्याने बाजूला सरकून तिला जागा दिली.

बाहेरच्या कॉलेजातून मेघाली मॅडम परीक्षा घ्यायला आल्या होत्या. पाहुण्या मॅडमसाठी म्हणून नवे सूक्ष्मदर्शक मांडले होते आणि मी खिडकीशी रिकामा उभा होतो. रंजिताची पाळी आली. तिने पट्टी ठेवली, मॅडम वाकल्या आणि वीज गेली. सूक्ष्मदर्शकांचे दिवे विझले. पंखे मंदावत थांबले.

"आता?" मॅडम म्हणाल्या. "मला अंबाडी गावाला पोचायचंय दुपारपर्यंत. हिची राहू दे, पुढच्या सत्रात बघू."

पुढचे सत्र म्हणजे केटी. रंजिता एवढेच म्हणाली, "मॅडम, खिडकीजवळचा चालतो. त्याला लाईट नाय लागत." आणि उत्तराची वाट न पाहता तिने माझा आरसा खिडकीतल्या उजेडाकडे फिरवला.

त्याच वेळी मला काहीतरी वेगळे जाणवले. टेबल थरथरत नव्हते. वीज गेली तसे मागच्या गल्लीतले मागही थांबले होते. इतकी वर्षे मी या प्रयोगशाळेत आहे, पण भर दिवसा, मुले समोर असताना माझ्यातले चित्र इतके स्थिर झालेले मला आठवत नव्हते.

"प्रश्न काय तुझा?" मॅडमनी विचारले.

"सावरीचं कापड का विणत नाहीत."

"बरं. दाखव."

रंजिताने डबी उघडली. वातीच्या कापसाचा पुंजका तिने बोट न लावता चिमट्याने उचलला. "आधी मी हा बोटांनी पिळला होता, तर सर म्हणाले पीळ तुझा. म्हणून आज हात नाही लावला." मॅडमनी पाहिले. पीळ होताच. तसाच, फितीसारखा.

"आणि ही सावर. हिला मी मुद्दाम पिळते. तुमच्यासमोर." तिने बोट जिभेला लावले, घरी लावतात तसेच, आणि सावरीचा पुंजका चिमटीत दाबून दाबून पिळला. चिमटी सुटताच तो पुन्हा फुलला. पाण्याच्या थेंबात टाकला तर भिजेना, वरच तरंगत राहिला. तिने वरून पातळ काच ठेवून त्याला कसाबसा बसवला.

मॅडम बराच वेळ वाकून होत्या. त्यांना काय दिसले ते सांगतो. सरळ, गुळगुळीत, काचेच्या नळीसारखे तंतू. आत कोंडलेली हवा. पीळ कुठेच नाही.

"आयला," मॅडम म्हणाल्या. केसरीनाथ सर दुसरीकडे बघू लागले.

"म्हणजे बोटांच्या पिळाने तंतूला काही होत नाही," रंजिता भरभर बोलत होती. "कापसाचा पीळ त्याचा स्वतःचा हाय. त्यामुळे एक तंतू दुसऱ्यात अडकतो आणि धागा धरतो. सावर गुळगुळीत, ती एकमेकीला धरतच नाही. सुटून जाते. म्हणून ती उशीत."

"घरी कितीदा पिळलीस?"

"दोन आठवडे तेच करतेय. आई म्हणते, उशी भर, खेळतेस काय."

मॅडमनी पुन्हा माझ्यात डोळा घातला. आता कापसाची पट्टी होती. "बघ, इथे पीळ डावीकडे जातोय आणि थोडं पुढे गेलं की उजवीकडे. एकाच तंतूत. का?"

रंजिताने पाहिले. "माहीत नाही, मॅडम."

"मला पण नाही," मॅडम म्हणाल्या आणि पिशवी उचलली. वीज आली, माग पुन्हा खडखडू लागले आणि माझे चित्र पुन्हा थरथरले.

रंजिताला क्रेडिट मिळाले. पूर्ण दिवसाच्या ड्युटीला तिने नाही म्हटले आणि ती तिसऱ्या वर्षाला गेली, हे मला महादूमामांच्या बोलण्यातून कळले. आता तिचे सगळे विषय कॉमर्सचेच होते. माझ्याकडे यायचे तिला काही कारण राहिले नव्हते. सुट्टीनंतर कॉलेज उघडले, नवी मुले आली, तीही नाके मुरडत. मी आपला खिडकीशी उभा होतो.

एके दिवशी ती दारात दिसली. हातात कपाशीचे एक हिरवे, न फुटलेले बोंड होते. कोण जाणे कुठून मिळवले होते.

"तुझा तास आहे काय आता?" महादूमामांनी विचारले.

"नाय मामा. क्रेडिट पण नाय. नुसतं बघायचंय. फुटायच्या आधी आत पीळ असतो, की नंतर पडतो?"

मित्रांनो, तो नियम कशासाठी केला असेल, हे मला त्या दिवशी थोडेसे उमगले. तुमच्या शाळेतही माझ्यासारखा कोणी कपाटात असेल. त्याला बाहेर काढा. भिंग रुमालाने खसाखसा पुसू नका, मऊ सुती फडके घ्या आणि हलक्या हाताने पुसा. आरसा उजेडाकडे वळवा. आणि येताना स्वतःचा प्रश्न घेऊन या, ओढणीवर अडकलेला असला तरी चालेल.

रंजिताने ते बोंड चिरले आहे. आतले तंतू ओले आहेत. ती पट्टी ठेवते आहे, माझा स्क्रू हळूच फिरवते आहे. काय दिसेल, हे मलाही अजून ठाऊक नाही.