दोन किलोमीटरची शिक्षा

मी एक डिझेल गाडी बोलतेय. आवाज घोगरा आहे, पण तो जन्मापासूनच तसा आहे, सर्दी समजू नका. माणसांची मुलगी सोळा वर्षांची झाली की घरात केवढं कौतुक होतं! मी सोळाची झाले, तर येणारा-जाणारा टायरला लाथ मारून विचारतो, "अजून चालते का ही?"

चालते. पण मला चालायला नाही, पळायला बनवलंय. माझी सगळी रडकथा तिथूनच सुरू होते.

माझा जन्म युरोपातला. ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडच्या बंदरात जहाजातून उतरले तेव्हा अंगावर प्लॅस्टिक होतं आणि डोक्यात हवा. वाटलं होतं, एखाद्या डॉक्टरच्या दारात ऐटीत उभी राहीन. नशिबी आला कडिना गावचा कॉलिन ट्रेंबाथ. पेरणी-कापणीच्या यंत्रांचे सुटे भाग विकणारा माणूस. अख्ख्या यॉर्क द्वीपकल्पात शेतोशेती हिंडायचं, हेच त्याचं काम. पहिल्याच आठवड्यात माझ्या पाठीमागे ग्रीसचे डबे, नांगराचे फाळ आणि एक मेंढी बसली. मेंढी कॉलिनची नव्हती. कुणाची होती, ते मला आजवर कळलेलं नाही.

पण खरं सांगू? ते दिवस सोन्याचे होते. सकाळी सातला निघायचं आणि तीनशे-चारशे किलोमीटर तुडवून दिवेलागणीला परत यायचं. दोन्ही बाजूंना गहू, जव आणि मसूर. कॉलिन रेडिओवर फुटबॉल लावायचा आणि मांडीवर करंजीसारखी दुमडलेली, भाजलेली पेस्टी घ्यायचा. आत मांस, बटाटा आणि सलगम. त्याचे पणजोबा इथल्या तांब्याच्या खाणीत उतरताना हीच बांधून न्यायचे म्हणे. अर्धी पेस्टी तो खायचा, अर्धी माझ्या सीटला भरवायचा. फटीत हात घातलात तर आजही पाव किलो चुरा निघेल.

आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरची तर्जनी उचलायची पद्धत आहे. फक्त तर्जनी. सगळा हात हलवलात, तर लोक समजतात की हा शहरातला आहे, नाहीतर अडचणीत आहे. कॉलिनचं बोट दिवसातून शंभरदा वर जायचं. ओळख असो, नसो.

मग त्याच्या डोळ्यांना म्हातारपण आलं. बाकीचं अंग धडधाकट, पण नजरेच्या मधोमध डाग धरला. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. एका सोमवारी मला मागे घेताना त्याने स्वतःच्याच घराची टपालपेटी आडवी केली. ती तीस वर्षं तिथेच उभी होती बिचारी. तो उतरला, पेटी चाचपली, आत गेला आणि माझी किल्ली बायकोच्या हातात ठेवली. मला फार वाईट वाटलं.

बायको म्हणजे ग्लेनिस. गावच्या शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं खिडकीपाशी बसते. गावातला चाळिशीच्या आतला प्रत्येक माणूस कधी ना कधी उशिरा आल्याची चिठ्ठी मागायला तिच्यासमोर उभा राहिलेला आहे. बाई कडक, पण मनाने लोणी. फक्त तिच्या घरापासून शाळा दोन किलोमीटरवर.

दोन किलोमीटर! मला डोळे चोळून जागं होईपर्यंत शाळेचं फाटक यायचं. संध्याकाळी परत दोन. पायी जावं तर खांद्याला तीन पिशव्या आणि उन्हाळ्यात डोक्यावर बेचाळीस अंश. तिचाही इलाज नव्हता, आणि माझाही.

आता जरा पोटातलं सांगते. माझ्या पोटात एक चाळणी आहे, माणसं तिला फिल्टर म्हणतात. धुरातली काजळी तिच्यात अडकते. लांब पळाले की अंग तापतं आणि ती काजळी आतल्या आत जळून जाते. चार मिनिटांत काय डोंबल तापणार? तरीही मी प्रयत्न करायचे. घरासमोर पोहोचता पोहोचता कशीबशी जाळायला सुरुवात करायचे. पंखा मोठ्याने फिरायचा, जळकट वास यायचा. ग्लेनिस घाबरायची आणि झटकन मला बंद करायची. रोज. संडासला बसलेल्या माणसाचं दार कुणी रोज ऐन वेळी ठोठावलं, तर त्याचं काय होईल? तेच माझं झालं.

मी पिवळा दिवा लावून तिला सांगितलं. तिने काय करावं? पर्समधून, शाळेत हुशार मुलांच्या वहीवर चिकटवतात ती सोनेरी चांदणी काढली आणि दिव्यावर चिकटवली. "आता डोळ्यांत खुपत नाही," म्हणाली.

तीन आठवड्यांनी मी शाळेच्या फाटकातच आचके देत बंद पडले, सगळ्या पोरांसमोर. इतकी लाज मेंढीच्या वेळीही वाटली नव्हती.

ब्रेंटन मेकॅनिक मला ओढून घेऊन गेला. तोही तिच्याच खिडकीतून चिठ्ठ्या घेऊन मोठा झालेला.

"बाई," त्याने चांदणी सोलून दाखवली, "हे काय आहे?"

"तू हात पूस आधी. आणि काय ते सरळ सांग."

"सरळ सांगतो. ही घोडी शर्यतीची आहे आणि तुम्ही तिला भाजी आणायला पाठवताय. एकतर लांब जाणाऱ्या कुणाला तरी विकून टाका. नाहीतर दर रविवारी महामार्गावर नेऊन चाळीस मिनिटं शंभरने पळवा, मध्ये न थांबता."

अ‍ॅडलेडहून मुलीचा फोन आला. केरेन्सा तिचं नाव. "आई, शाळेत जायला डिझेल कुणी वापरतं का? विजेची छोटीशी घे. घरीच चार्ज होईल. त्या म्हातारीचं काय लोणचं घालायचंय?"

म्हातारी म्हणजे मी. मला राग आला, पण मुलगी बोलली त्यात खोटं काही नव्हतं. शाळेत जायला मी कुचकामाचीच आहे.

ग्लेनिस विचारात पडली, आणि विचार नुसता माझा नव्हता. किल्ली दिल्यापासून कॉलिन घराबाहेर पडला नव्हता. ती म्हणायची, चल, जरा फिरून येऊ. तो म्हणायचा, "मला काय साखळी बांधून फिरवणार आहेस? मी कुत्रा आहे का?" आणि खुर्चीत रेडिओ ऐकत बसायचा. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "ब्रेंटनने सांगितलंय, म्हातारीला दर रविवारी पळवायचं. मला एकटीला जमेल असं वाटत नाही."

कॉलिनने रेडिओ बंद केला. "गाडीसाठी असेल तर येतो. तुला ती कुठे दमतेय ते कळायचं नाही."

पहिल्या रविवारी तो माझ्या डाव्या सीटवर बसला. इतकी वर्षं उजवीकडे बसलेला माणूस. हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी डॅशबोर्डवर ठेवला. आम्ही महामार्गाने कुलपारा गावाच्या दिशेने सुटलो. अहाहा! दहाव्या मिनिटाला अंग तापलं, विसाव्या मिनिटाला पोटातली काजळी भसाभस जळायला लागली. मी गाणंच म्हणायचं बाकी होतं.

तेवढ्यात ग्लेनिस म्हणाली, "पांढरा ट्रक येतोय. प्रिस्कांचा थोरला."

डॅशबोर्डवरची तर्जनी वर गेली.

"त्याने केलं?" कॉलिनने विचारलं.

"केलं. हसला पण."

मग तो पायंडाच पडला. ती समोरची गाडी ओळखून सांगायची आणि तो बोट उचलायचा. चुकून बोट उचलायला उशीर झाला, तर तिला रागवायचा, "लवकर सांगत जा की! लोक म्हणतील कॉलिन माजला." एकदा उन्हात तिला नीट दिसलं नाही. "निळी गाडी, बहुतेक डॉक्टर," ती म्हणाली, आणि बोट वर गेलं. गाडी जवळून गेल्यावर ती म्हणाली, "अगं बाई, तो ग्रॅहम रॉडा होता."

"रॉडा! मी त्याच्याशी एकोणीस वर्षं बोललो नाही!"

"आता बोललास."

"त्याने... केलं का?"

"केलं."

कॉलिनने बोट खाली घेतलं आणि म्हणाला, "बोट वाकडंच उचललं असेल."

चौथ्या रविवारी माझी चाळणी आरशासारखी लख्ख झाली. ब्रेंटनने आपलं यंत्र जोडलं आणि खूश झाला. "बाई, पोट साफ! आता दर रविवारी नेलं नाही तरी चालेल. महिन्यातून एकदा पुरे."

ग्लेनिसने इकडेतिकडे बघितलं. "कॉलिनला सांगू नकोस. अजून घाण आहे म्हण."

"तुम्ही मला खोटं बोलायला सांगताय? सातवीत खोटं बोललो म्हणून तुम्हीच मला..."

"ब्रेंटन, हात पूस."

तो खोटं बोलला. मीही गप्प बसले. मला काय, रविवार मिळत होते. पण सोमवार ते शुक्रवार तीच दोन किलोमीटरची शिक्षा चालू होती, आणि माझी हाडं कुरकुरायला लागली होती.

अशात केरेन्साने गिऱ्हाईक आणलं. रोशेल नावाची नर्स, नुकतीच अ‍ॅडलेडहून आलेली. लांबलांबच्या शेतांवरच्या आजाऱ्यांना घरी जाऊन बघायचं तिचं काम, आणि तिची गाडी मोडलेली. तिने मला फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "मला हीच हवी." ग्लेनिसने कळवते म्हणून सांगितलं. आठवडा गेला, दोन गेले, तिने काही कळवलं नाही. केरेन्सा फोनवर चिडली. "आई, नक्की अडतंय कुठे?" ग्लेनिस म्हणाली, "रंग आवडतो मला." माझा रंग कुणालाच आवडत नाही. तो चिखलाचा आहे.

त्या रविवारी कुलपाराच्या चढावर तिने मला कडेला थांबवलं. खाली आखाताचं पाणी चकाकत होतं. तिने पेस्टीचे दोन भाग केले, मोठा त्याला दिला.

"नर्सला काय कळवलंस?" कॉलिनने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"केरेन्साचा आवाज फोनमधून अख्ख्या घरात ऐकू येतो."

"अजून काही नाही कळवलं. हिचा फिल्टर साफ व्हायचाय ना."

"ग्लेनिस," तो म्हणाला, "मी तीस वर्षं इंजिनं ऐकलीत. हिचा फिल्टर चौथ्या रविवारीच साफ झालाय."

ग्लेनिसचा घास हातातच राहिला. "मग बोलला का नाहीस?"

"तू बोलली नाहीस म्हणून."

दोघंही हसली नाहीत. मला वाटलं, आता भांडण होणार. कॉलिनच माझ्या दारावर हात फिरवत बोलला. "रोज सकाळी तू हिला चार मिनिटांसाठी उठवतेस ना, ते मला आत ऐकू येतं. जीव तुटतो गं. कामाची गाडी आहे ही. देऊन टाक त्या नर्सला."

"आणि रविवार?"

"विजेची असली म्हणून काय झालं? तिचंही काहीतरी बिघडेलच."

"नाही बिघडलं तर?"

त्याने मांडीवरचा चुरा झटकला. माझ्याच सीटवर, अर्थात. पाण्याच्या दिशेने तोंड करून बसला. त्याला ते किती दिसत होतं, देव जाणे. मग म्हणाला, "तर मग मला नुसतंच ने."

साठीला आलेली ती बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. माझा हॉर्न वाजला, तरी तिने डोकं उचललं नाही. कॉलिन म्हणाला, "अगं, मेंढ्या घाबरतील," आणि तिच्या पाठीवर थोपटत राहिला.

आता मी रोशेलकडे असते. दिवसाला अडीचशे किलोमीटर. पाठीमागे बँडेजचे खोके आणि रक्तदाब मोजायची यंत्रं. पोट साफ, भूक उत्तम. पहिल्या आठवड्यात पोरगी समोरच्याला सगळा हात हलवून दाखवायची, दोन शेतकरी गाडी वळवून विचारायला आले, "काय झालं, पेट्रोल संपलं का?" पेट्रोल म्हणे. मला! पण माणसं भली आहेत.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. दारात माझ्यासारखी जुनी डिझेल उभी असेल आणि तुमचं ऑफिस कोपऱ्यावर असेल, तर तिच्यावर दया करा. आठवड्यातून एकदा तिला दम लागेपर्यंत पळवा. तेवढंही जमत नसेल, तर पळवणाऱ्याच्या हाती सोपवा. माया असली म्हणून दावणीला बांधून ठेवायचं नसतं.

नर्सला रविवार नसतो. गेल्या रविवारी आम्ही पास्कव्हिल गावात शिरलो. तिथे सगळ्यांनाच वेग कमी करावा लागतो. समोरून एक छोटी निळी गाडी आली, विजेची, मांजराच्या पावलांनी. काचा खाली होत्या. गाडी चालवणाऱ्या बाईचं तोंड पेस्टीने भरलेलं होतं, म्हणजे समोरून कोण येतंय ते तिने सांगणं शक्यच नव्हतं. तरीही शेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डवर ठेवलेली एक तर्जनी वर गेली.

त्याने माझा आवाज ओळखला होता.