टाचणीची उचलबांगडी

लेक तान्ह्या बाळाला घेऊन रविवारी राहायला यायची होती, आणि त्याआधी टाचणीने घर सोडायचं, असा निकाल काकूंनी देऊन टाकला होता. टाचणी म्हणजे काकांची मांजर. काका सोफे आणि खुर्च्या नव्याने भरून शिवून द्यायचे. पिल्लू असताना तिने पहिल्याच दिवशी काकांच्या मांडीत नखं रुतवली आणि तिथेच झोपून गेली, म्हणून टाचणी. तेव्हापासून काकांनी तिला डोक्यावर बसवलं होतं, असं काकू म्हणत. काकांना ही तक्रार वाटायचीच नाही.

गुन्हा होता पिसवांचा. काकूंच्या घोट्यांवर लाल गांधी उठल्या होत्या. चारचौघांत बोलता बोलता त्या खाली वाकून पोटऱ्या खाजवत, आणि शेजारीण तर हल्ली दारातूनच चौकशी करून परत जायची. काकू स्वच्छतेच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसत. त्यांच्या घरात पिसवा, हा अपमान त्यांना चाव्यांहून जास्त झोंबत होता.

काकांचं म्हणणं एकच. टाचणीने आयुष्यात उंबरठा ओलांडलेला नाही, मग पिसवा येतील कुठून? त्यांनी सगळं खापर शेजारच्या बोक्यावर फोडलं. बोका खिडकीत बसून आत बघायचा, एवढाच काय तो पुरावा. काकांनी खिडकीला जाळी ठोकली, आणि ती अशी ताणून, की डासालाही अंग चोरून यावं लागलं असतं. पिसवांना काही फरक पडला नाही.

मग काकूंचा भाऊ मदतीला धावला. त्याच्या गोदामावर दोन दांडगे कुत्रे होते, त्यांच्या पिसवा आणि गोचिडांवरचं औषध त्याने मोठ्या मनाने आणून दिलं. काकांनी ती बाटली आणि टाचणी दोन्ही अवजारांच्या पिशवीत घातल्या आणि थेंब किती टाकायचे हे विचारायला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. विचारायला गेले हे नशीब. बाईंनी बाटली हातातून काढूनच घेतली. कुत्र्याचं औषध मांजराला लावलं तर मांजर झटके येऊन मरू शकतं, हे त्यांनी काकांना अशा आवाजात सांगितलं की बाकावरचा एक पोपटही गप्प झाला. घरी जाऊन काकांनी मेहुण्याविषयी जे विचार केले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

बाईंनी टाचणीचं वजन करून मांजराचं औषध दिलं आणि मानेमागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून कातडीवर कसं सोडायचं ते दाखवलं. गोचीड एकही नव्हती, ती गवतात फिरणाऱ्यांना लागते. पण पिसवा होत्या, आणि त्यांचं खरं बिऱ्हाड मांजरावर नसून घरात असतं, असं त्या म्हणाल्या. काकांनी कढत पाण्यात पांघरुणं धुतली, फटीफटीतून झाडलं, बारीक दातांच्या फणीने टाचणीला विंचरलं. काकूंचा भांगसुद्धा त्यांनी जन्मात इतक्या निगुतीने बघितला नव्हता. चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी काकू आपल्या लाडक्या खुर्चीत बसल्या आणि ताडकन उठल्या. भावाला निरोप गेला: शनिवारी गाडी घेऊन ये, मांजर गोदामावर ने.

काका पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे धावले. मांजर झोपते कुठे, असं बाईंनी विचारलं. काकांनी छाती फुगवून सांगितलं, मी स्वतः शिवलेल्या गादीवर, वरचं कापड कोरं करकरीत.

"आणि आत काय भरलंय?"



आत लोकांचे सोफे होते. गिऱ्हाइकाचा जुना सोफा उसवला की मेणासारखा मऊ झालेला कापूस बाहेर पडायचा, आणि तो टाकायला काकांचा हात धजायचा नाही. तो पिंजून ते घरच्या कामाला वापरायचे. काकूंना मात्र प्रत्येक वेळी शपथेवर सांगितलेलं, की सगळं नवं आहे. अशा कापसात पिसू कोशात महिनोन्महिने दडून राहते आणि वर कुणी ऊबदार बसलं की बाहेर पडते, हे बाई समजावत होत्या, आणि काका मनात मोजत होते: टाचणीची गादी, काकूंची खुर्ची, दोन्ही उशा. आणि शेवटी आठवली ती बाळासाठी त्यांनी जीव ओतून शिवलेली दुलई.

शनिवारी गाडी आली. काकू टाचणीला टोपलीत घालत होत्या, आणि ती बिचारी अंग सैल सोडून काकांकडे बघत होती. गप्प बसलं असतं तर काकांची लाज वाचली असती, मांजर तेवढी गेली असती. त्यांना ते जमेना.

"तिला सोड," ते म्हणाले. "तिने काही आणलं नाही. मीच आणलंय. इतकी वर्षं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं.  काकूंनी काकांचीच मोठी कात्री घेतली आणि खुर्चीची बैठक उभी उसवली. आतून राखाडी कापूस आला, कुणाच्या तरी कोटाचं बटण आलं, एक मोडका कंगवा आला, आणि कुणाच्या तरी आजोबांनी लपवलेली तपकिरीची डबी आली. मग त्यांनी दुलईकडे नुसतं पाहिलं. काकांना वाटलं, कात्री आता आपल्याकडे वळणार.

"दादा, हे सगळं गाडीत भर," काकू शांतपणे म्हणाल्या. "घर साफ होईपर्यंत यांनाही ने."

मेहुण्याने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो त्याला जमला नाही. उसवलेली खुर्ची, उशा, गाद्या यांच्यामध्ये काका चढून बसले. या वयात सासरच्या माणसाने आपल्याला सामानासारखं उचलून न्यावं, याची त्यांना खरं तर शरम वाटायला हवी होती.

गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी दाराकडे पाहिलं. काकू पायरीवर बसल्या होत्या, आणि ज्या मांजरीला त्यांनी कधी मायेने हातही लावला नव्हता ती त्यांच्या मांडीवर पालथी होती. काकू फणीने तिच्या कानामागे विंचरत होत्या.

"सगळ्यांत जास्त तुलाच चावल्या गं," त्या म्हणत होत्या, "आणि बदनाम मात्र तूच झालीस."

काकांनी डोळे पुसले. मेहुण्याने विचारलं तेव्हा कापसाची धूळ गेली म्हणून सांगितलं, आणि घरातून हाकलले गेल्याच्या आनंदात ते गोदामावर राहायला गेले.